झाकली मूठ आणि काताचा व्हिडिओ

प्रति,
जिल्ह्यातील सर्व शोतोकान कराटे क्लासचे सेन्सेई
आणि आमच्या संघटनेची तांत्रिक समिती

सर, मॅडम, ओस्.

मागच्या महिन्यात पालकांच्या आणि सीनिअर बेल्टच्या अशा दोन्ही ग्रुपवर एक सूचना आली. विद्यार्थ्यांनी काताच्या (म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या क्रमाच्या) सरावाचे व्हिडिओ ऑनलाइन टाकायचे नाहीत, दुसऱ्यांच्या व्हिडिओवर तांत्रिक मत द्यायचं नाही, नाहीतर ग्रेडिंगला, म्हणजे बेल्टच्या परीक्षेला, बसू दिलं जाणार नाही. खाली कारण नाही, कुणाचं नाव नाही, फक्त हात जोडलेले दोन इमोजी. तोंडी विचारलं तेव्हा एवढंच कळलं: व्हिडिओ खोटं बोलतो, त्याने कराटेची बदनामी होते आणि आपल्या परंपरेत ते बसत नाही. ग्रुपवर कुणी काही विचारायच्या आतच तिथे अॅडमिनशिवाय कुणालाच लिहिता येणार नाही अशी सोयही झाली. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहावं लागतंय.

आधी माझी ओळख. मी बँकेत नोकरी करते. मुलीला क्लासला सोडायला यायचे, बाकावर बसून पाठ धरायला लागली, तेव्हा सेन्सेईंनीच, म्हणजे शिकवणाऱ्या सरांनीच, 'उभ्या राहा रांगेत' म्हटलं. मुलीने पुढे कथक धरलं, मी मात्र तिथेच राहिले आणि आता ब्राउन बेल्ट आहे. आमच्या बॅचमध्ये बहुतेक पोरं शाळेतली, सेन्सेई एकटे आणि हॉल तासाच्या बोलीवर घेतलेला. वॉर्मअप, किहोन (मूलभूत तंत्रं), कुमिते (जोडीने लढतीचा सराव) होऊन काताची वेळ येते तेव्हा पुढच्या बॅचचे पालक दाराशी चपला काढत असतात. माझ्या बास्साई दाई या काताकडे सेन्सेईंची नजर जाते ती तेवढ्यात. याबद्दल तक्रार नाही. एकट्या माणसाने किती पाय बघायचे? पण मग उरलेल्या आठवड्यात माझा काता कोण बघणार, या प्रश्नाला फोन हे एक उत्तर आहे, आणि सूचनेने नेमकं तेच बंद केलंय.

आमचा सात-आठ जणांचा एक छोटा गट आहे, सगळे मोठेपणी कराटेकडे वळलेले. म्हापशाच्या एक शाळाशिक्षिका आहेत, मस्कतला असलेली एक सांगलीकडची नर्स आहे, बाकीचे इकडचेच. कुणीतरी एक तुकडा काढून टाकतं, बाकीचे बघतात आणि बोलतात. हे बोलणं कसं चालतं ते एकदा जवळून दाखवते, कारण ऑनलाइन चर्चा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त भांडणं येत असावीत.

बास्साई दाईची सुरुवात घ्या. पाय जुळवून उभं राहायचं, उजवी मूठ डाव्या तळव्यात, आणि तिथून एका झेपेत पुढे जाऊन कोसा दाचीत उतरायचं (दाची म्हणजे पवित्रा, स्टान्स). उजवा पाय रोवलेला, डावा त्याच्या मागून आडवा, उजव्या हाताने उचि उके (उके म्हणजे वार अडवणं) आणि डावा तळवा त्याला आधार म्हणून टेकवलेला. समोरून बघणाऱ्याला दिसतो तो हात आणि चेहरा. चेहरा जरा उग्र केला की काम भागतं. म्हापशाच्या बाईंनी हाच भाग बाजूने काढून पाठवला, फोन खिडकीच्या गजांना टेकवून. पहिले दोन शेरे नेहमीचे, 'मस्त' आणि अंगठा. तिसरा शेरा मस्कतहून आला: उतरतेस तिथे व्हिडिओ थांबव, तुझं डोकं पुढच्या पायाच्या बोटांच्याही पुढे गेलंय, मागचा गुडघा पुढच्या पायाला चिकटलेला नाही, म्हणून पुढचं वळण घ्यायच्या आधी तुला एक उसना श्वास घ्यावा लागतो. बाईंनी थांबवून बघितलं. खरंच होतं. श्वासाचं तर त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, कारण हॉलमध्ये पंख्यांच्या आवाजात तो ऐकूच येत नाही. त्यानंतर त्यांनी आठवडाभर फक्त ती झेप घेतली. पुढचा काता नाही, नुसती झेप.

त्याच कातातली यामा झुकी बघा (झुकी म्हणजे ठोसा). दोन्ही मुठी एकाच वेळी सुटतात, एक वर, एक खाली, आणि त्या एका उभ्या रेषेत यायला हव्यात. समोरून कॅमेरा लावला तर त्या नेहमीच रेषेत दिसतात! बाजूने लावला की वरची मूठ वीतभर मागे राहिलेली कळते. कोकुत्सु दाचीचंही तसंच. सत्तर टक्के भार मागच्या पायावर आणि तीस पुढच्या, हे आपण व्हाइट बेल्टपासून घोकतो, पण समोरून काढलेल्या व्हिडिओत पन्नास-पन्नासचा माणूसही खपून जातो. म्हणजे व्हिडिओ खोटं बोलतो हे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा हे ज्याला कुणी शिकवलं नाही त्याचा व्हिडिओ खोटं बोलतो. एक कोपऱ्यातून, एक बाजूने, आणि फोन कमरेच्या उंचीवर ठेवला तर बरंचसं खरं बाहेर येतं. साध्या सेटिंगला फोन सेकंदाला तीस चित्रं घेतो, त्यात झुकीचा शेवट पुसट होतो. तोच स्लो मोशनला लावा, मग मूठ आणि हिकिते (कमरेशी मागे ओढलेला दुसरा हात) एकाच क्षणी पोचतात की हिकिते मागून घरी येते, हे लख्ख दिसतं.

आणि आरशाचा घोळ. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ काही फोनमध्ये उलटाच साठवला जातो. हेइआन शोदान हा सुरुवातीचा काता डावीकडे वळून गेदान बाराईने, म्हणजे खालचा वार अडवून, सुरू होतो, पण अशा व्हिडिओत पोरगं उजवीकडे वळतं. लगेच खाली तज्ज्ञांची रांग लागते: पहिलंच पाऊल चुकलं, कोण शिकवतं याला? एकानेही गीकडे, म्हणजे कराटेच्या पोशाखाकडे, बघितलेलं नसतं. गीचा डावा पदर वर असतो. व्हिडिओत उजवा वर दिसला की समजायचं, चित्र उलटं आहे. एवढं एक वाक्य तुम्ही वर्गात सांगितलंत तर निम्मी भांडणं मिटतील.

उरलेली निम्मी भांडणं स्टाईलवरून, म्हणजे कराटेच्या शाखांवरून होतात. शोतोकान ही आपली शाखा, शितो-रयू ही दुसरी. शोतोकानमध्ये जिथे लांब कोकुत्सु दाची येते तिथे शितो-रयूमध्ये बऱ्याचदा आखूड नेकोआशी दाची असते. काताचं नाव ओळखीचं, अंग वेगळं. शितो-रयूच्या मुलीचा काता बघून आमच्याकडचा ग्रीन बेल्ट लिहितो, 'दीदी, स्टान्स लहान आहे.' ती बिचारी आपल्या परंपरेप्रमाणे अचूक करत असते. यावर उपाय बंदीचा आहे की शिकवण्याचा? आपण मुलांना इतर स्टाईल दाखवतच नाही, मग जे वेगळं दिसेल ते त्यांना चूक वाटणारच. ('हे रस्त्यावरच्या मारामारीत चालेल का?' असं विचारणारा एक जण प्रत्येक व्हिडिओखाली येतोच. त्याला उत्तर देऊ नये, एवढंच मी शिकले आहे.)

आता परंपरेबद्दल, कारण सूचनेवर तोंडी विचारलं तेव्हा 'आपल्या परंपरेत हे बसत नाही' असं सांगण्यात आलं.

परंपरेत गुप्तता होती, हे मान्य. आपल्या शोतोकानचे आद्य गुरू फुनाकोशी गिचिन यांनी स्वतः सांगितलंय की तरुणपणी ते रात्री गुरू आझातो यांच्या अंगणात काता करायचे, गुरू बसून बघायचे, आणि मनासारखं होईपर्यंत पुन्हा करायला लावायचे. तेक्कीच्या तीन कातांत त्यांची दहा वर्षं गेली. पण त्यांचे दुसरे गुरू इतोसु आंको यांनी काय केलं? त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे ओकिनावा बेटावरच्या शाळांत नेलं, मुलांना झेपतील असे पिनान काता बसवले, आणि 1908 साली कराटेविषयी दहा मुद्द्यांचं पत्र लिहिलं. शाळांमधून हे शिकवलं गेलं तर त्याचा सगळ्यांना उपयोग होईल, असा त्याचा रोख होता. प्रत्येक तंत्राचा अर्थ समजून घ्या, ते कधी आणि कसं वापरायचं ते ठरवा, हेही त्यात आहे. म्हणजे रात्रीच्या अंगणातून शाळेच्या पटांगणात काता आणणारा माणूस आपल्याच वंशावळीत आहे. आपल्या क्लासच्या भिंतीवर फुनाकोशींचा फोटो असतो. त्याच्या शेजारी इतोसुंनाही जागा द्यायला हरकत नाही.

फुनाकोशींचंही पुढचं वागणं बघा. 1922 मध्ये ते तोक्योला प्रात्यक्षिक द्यायला गेले, ज्युदोचे कानो जिगोरो यांच्या बोलावण्यावरून कोदोकान या ज्युदोच्या केंद्रातही करून दाखवलं. त्याच वर्षीच्या त्यांच्या पुस्तकात काताची रेखाचित्रं होती, तर 1925 च्या पुस्तकात त्यांनी स्वतःचे फोटो छापले. त्या काळी ज्याला जे साधन मिळालं ते त्यांनी वापरलं. आणि ते फोटो आहेत म्हणूनच आज आपल्याला कळतं की त्यांचा झेन्कुत्सु दाची (पुढच्या पायावर भार देणारा पवित्रा) आपल्यापेक्षा बराच उंच होता. खोल, लांब स्टान्स नंतरच्या पिढीत आले, त्यात त्यांचा मुलगा गिगो यांचा वाटा मोठा. पिनानचं नाव फुनाकोशींनी हेइआन केलं आणि पहिल्या-दुसऱ्याची अदलाबदल केली, म्हणून आपला हेइआन शोदान म्हणजे जुना पिनान निदान. काता बदलत आलाय. ज्यांनी बदलला त्यांनी तो लपवला नाही, म्हणून त्याचा इतिहास लिहिता येतो.

आपल्याकडे मात्र दर सेमिनारनंतर काहीतरी बदलतं आणि मग 'हेच मूळ आहे' असं सांगितलं जातं. गेल्या खेपेला शुतो उके घेताना तयारीचा हात कानाजवळ होता, यंदा खांद्याजवळ. असेल, दोन्हीला कारणं असतील. पण मागच्या ग्रेडिंगला ज्या पोरीचे मार्क हात खांद्याजवळ होता म्हणून कापले गेले, तिने कुठे दाद मागायची? तिच्याकडे व्हिडिओ असता तर तिने निदान विचारलं असतं. आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे, कारण विचारलं असतं म्हणजे कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं.

स्पष्टच बोलते, राग मानू नका. या सूचनेमागे दोन भीती आहेत. एक, आपल्या क्लासचा ब्लॅक बेल्ट दुसऱ्या क्लासच्या ग्रीन बेल्टसमोर कच्चा दिसेल. दुसरी, आपला विद्यार्थी दुसऱ्या सेन्सेईंचं ऐकेल आणि मग तिकडेच जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे धोरण समजण्यासारखं आहे. क्लास हा तुमच्यातल्या अनेकांचा पोटापाण्याचा धंदा आहे, हॉलचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. पण इतर बाबतीत मूठ झाकलेली नाहीच. उन्हाळी कॅम्पच्या वेळी क्लासच्या पानावर रोज रील येतात. सात-आठ वर्षांची पोरं, मागे ढोल-ताशाचं संगीत, वेग वाढवलेला, कौलं फुटताना दाखवलेली, आणि शेवटी 'प्रवेश सुरू' आणि मोबाइल नंबर. एका रीलमध्ये स्प्लिट करताना रडणारं पोर होतं. ते हसण्यासाठी ठेवलं होतं. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. आमच्याकडून अशी संमती कधी घेतल्याचं मला आठवत नाही. तेव्हा व्हिडिओने कराटेची बदनामी होते हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, फक्त ती कुणाच्या व्हिडिओने होते यावर आपलं एकमत होणार नाही.

आणि लॉकडाऊन? तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं, हॉलमधला टीपॉय बाजूला करा, काता शूट करून पाठवा. ऑनलाइन क्लास झाले, जगभर रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर काताच्या स्पर्धा झाल्या, आपल्याकडे ग्रेडिंगही तसंच झालं आणि फी गुगल पेवर घेतली गेली. तेव्हा परंपरेला धक्का लागला नव्हता.

काही बाबतींत मात्र मी तुमच्या बाजूची आहे, आणि ते पालकांनीही वाचावं म्हणून इथे लिहिते. लहान मुलांचे चेहरे, शाळेचा बॅज, हॉलचा पत्ता दिसणारे व्हिडिओ उघड पानावर टाकूच नयेत. काताला संगीत लावू नये, कारण त्याखाली पाऊल, श्वास आणि किआईची आरोळी तिन्ही गाडले जातात. नुसत्या व्हिडिओवरून पुढचा काता शिकू नये. हेइआन सानदानला अडखळणारी पोरं गच्चीवर उन्सू या वरच्या कातातली उडी मारायला बघतात, आणि ती उडी सिमेंटवर उतरते.

मोठ्या खेळाडूंची नक्कल हा तर स्वतंत्र विषय आहे. ऑगस्ट 2021 मध्ये तोक्योच्या निप्पोन बुदोकानमध्ये काता पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला. पुरुषांत ओकिनावाच्या रियो कियुनाने ओहान दाई हा काता करून अंतिम फेरीत 28.72 गुण घेतले, तर महिलांमध्ये स्पेनच्या सांद्रा सांचेझने सुवर्ण जिंकलं तेव्हा ती 39 वर्षांची होती. (तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला ते विचारू नका.) पॅरिसला 2024 मध्ये कराटे नव्हतं. त्यामुळे आमच्या पोरांसाठी अजून तेच व्हिडिओ म्हणजे पाठ्यपुस्तक. पण पोरं त्यातून उचलतात काय? मधले लांबलचक थांबे, डोळे वटारणं, नाकातून फुसफुस आणि बाहीचा फटकारा. कियुनाचं पाऊल उचलत नाहीत, कारण ते दिसायला नजर लागते आणि ती नजर वर्गातच तयार होते. त्यांना कुणी सांगतही नाही की जागतिक महासंघाच्या नियमांत पाय आपटून, छातीवर किंवा गीवर हात मारून किंवा उगाच मोठ्याने श्वास सोडून आवाज करणं ही चूक धरली गेली आहे. त्याच ऑलिम्पिकच्या वेळच्या पद्धतीत तांत्रिक भागाला 70 टक्के आणि अॅथलेटिक भागाला 30 टक्के वजन होतं. तांत्रिक भागात स्टान्स, तंत्र, एका हालचालीतून दुसरीत जाणं, टायमिंग, श्वास आणि किमे, म्हणजे वाराच्या शेवटी एकवटलेला जोर. अॅथलेटिक भागात ताकद, वेग, तोल. शेरा देणाऱ्याला एवढे शब्द दिले तरी 'पॉवर कम है' या एका वाक्यावरचं राज्य संपेल.

तर माझी मागणी अशी. सूचना मागे घ्या आणि तिच्या जागी एक पानभर मार्गदर्शन काढा. अठरा वर्षांखालच्यांचे व्हिडिओ फक्त बंद गटात आणि पालकांच्या लेखी संमतीने. हाच नियम क्लासच्या रीललाही लागू. मोठ्यांना मोकळीक, पण व्हिडिओबरोबर स्टाईल, काता आणि बेल्ट लिहिलेला असावा. ज्याने मत मागितलेलं नाही त्याला मत देऊ नये. ज्याने मागितलं त्याला एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि ती कुठल्या सेकंदाला दिसली ते लिहावं. सेन्सेईंनी काही वेगळं शिकवलं असेल तर सेन्सेईंचं धरावं, हेही त्यात घाला, मी त्याखाली पहिली सही करते. दुसऱ्याच्या शिष्याला परस्पर शिकवू नये हा आपला रिवाज मला ठाऊक आहे आणि तो चांगलाच आहे. पण विचारणं आणि फितूर होणं यात फरक आहे.

दुसरी मागणी तांत्रिक समितीकडे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. हेइआन शोदानपासून बास्साई दाईपर्यंत परीक्षेला लागणाऱ्या प्रत्येक काताचा एक संदर्भ व्हिडिओ तुम्ही स्वतः करा. समोरून, बाजूने आणि कोपऱ्यातून. गी इस्त्रीची नसली तरी चालेल, पार्श्वभूमीला बॅनर नको. त्यावर तारीख घाला. पुढच्या सेमिनारला काही बदललं तर नवा व्हिडिओ करा, त्यावर नवी तारीख घाला, आणि जुना काढून टाकू नका. सांगलीला शिकलेली आणि नाशिकला बदली झालेली पोरगी मग निदान एका काताची परीक्षा देईल, दोन सेन्सेईंच्या आठवणींची नाही.

तिसरी छोटी गोष्ट. दिवाळीनंतरच्या ग्रेडिंगला हॉलच्या एका कोपऱ्यात फोन लावून ठेवायची परवानगी द्या. स्टँड मी आणते. चित्रण परीक्षकांकडेच राहू दे, ज्याला आपले मार्क समजले नाहीत त्याला त्याचा भाग तुमच्यासमोर बसून बघता यावा, इतकंच. परीक्षकांच्या खुर्च्या चित्रात येणार नाहीत अशा बेताने लावते, काळजी नसावी.

उत्तर ग्रुपवर द्या आणि त्यासाठी दोन दिवस ग्रुप सगळ्यांना खुला करा. आमच्या सेन्सेईंना फोन करून 'तुमच्या त्या बँकेतल्या मॅडमना जरा सांगा' असं कृपया करू नका. त्यांनी हे पत्र आधीच वाचलंय आणि शुद्धलेखनाच्या तीन चुका काढून परत दिलंय.

आपली,
संध्याकाळच्या बॅचमधली एक ब्राउन बेल्ट